गेम स्टोअरची साइट बदलली आणि ग्राहक चिडले: नुसती सवय मोडली की खरंच काही हरवलं?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ज्या ऑनलाइन दुकानातून तुम्ही वर्षानुवर्षं पीसी गेम घेताय, त्यांनी मागच्या महिन्यात साइट पार बदलली. आता एका स्क्रीनवर जेमतेम सहा गेम दिसतात, विशलिस्ट (पुढे घ्यायच्या गेमची यादी) सवलतीनुसार लावता येत नाही, कोणता गेम आपल्याकडे आधीच आहे ते यादीत कळत नाही आणि गडद रंग जाऊन सगळं पांढरंफटक झालंय. ग्राहकांनी तक्रारींचा भडिमार केला, त्यावर दुकानाचं उत्तर आलं की नवीन आहे, सवय होईल. आता तुम्ही विचारताय की आपण उगाच बदलाला नाक मुरडतोय का, आणि लिहून काही फायदा असतो का.

मी बरीच वर्षं ऑनलाइन दुकानांच्या साइटवर काम करते, त्यात गेम विकणारी दुकानंही आली. साइट बदलल्यावर येणाऱ्या तक्रारी वाचून त्यातलं कुठलं आधी दुरुस्त करायचं हे ठरवणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर दुकानाच्या आतल्या बाजूनं देते.

"सवय होईल" हे अर्धं खरं आहे. कुठलाही मोठा बदल झाला की पहिले काही आठवडे लोक चिडतात, मग हात नव्या जागी जायला लागतो आणि बरीचशी कुरकुर आपोआप विरते. आमच्या क्षेत्रात हे सगळ्यांना माहीत असतं. धोका इथेच आहे. एकदा हे डोक्यात बसलं की आलेली प्रत्येक तक्रार त्याच खात्यात टाकली जाते आणि खरी मोडतोडही "थांबा, शांत होतील" म्हणून बाजूला पडते.

म्हणून मी तक्रार वाचताना माणूस किती चिडलाय हे बघत नाही. एवढंच बघते, की हा माणूस जे काम आधी करत होता ते त्याला आता करता येतं का? येत असेल पण वेगळ्या जागी, तर तो सवयीचा प्रश्न. येत असेल पण दुप्पट वेळ लागत असेल, तर तो रचनेतला दोष. आणि येतच नसेल तर काहीतरी काढून टाकलं गेलंय, आणि त्याची सवय कधीच होत नाही. स्वयंपाकघरात डब्यांच्या जागा बदलल्या तर चार दिवसांत अंगवळणी पडतं, पण मिठाचा डबाच काढून टाकला तर कितीही दिवस थांबून भाजी खारट होणार नाही.

तुमच्या चार तक्रारींना हा निकष लावून बघू.

पांढरी पार्श्वभूमी ही बहुतांशी आवडीची बाब. बहुतांशी म्हणते, कारण तिच्यात एक मोजता येण्यासारखा भाग आहे. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं ठेवायची फॅशन आहे. वेब सुलभतेच्या मान्य नियमांप्रमाणे साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट (दोन्ही रंगांच्या उजळपणातला फरक) किमान ४.५ ला १ असावा लागतो. तुमच्या दुकानात जुनी, काट मारलेली किंमत किंवा गेमची तारीख वाचताना डोळे बारीक करावे लागत असतील, तर ते मोजून दाखवा. ब्राउझरमध्येच हे मोजायची सोय असते. "रंग आवडला नाही" याला आत कुणी दाद देत नाही, पण "किंमतीचा कॉन्ट्रास्ट २.८ आहे" असं आलं की ते दोष म्हणून नोंदवलं जातं.

एका स्क्रीनवर सहा गेम, हा रचनेतला दोष. तो कुठून येतो हेही सांगते. आज बहुतेक ठिकाणी डिझाइन आधी फोनसाठी काढतात. फोनवर दोन कार्डं (एकेका गेमचं चित्र आणि किंमत दाखवणाऱ्या चौकटी) शेजारी शेजारी छान दिसतात. तेच कार्ड २४ इंची मॉनिटरवर ताणलं की चित्र अवाढव्य होतं आणि नजरेत मावणाऱ्या गेमची संख्या कोसळते. पुस्तकाच्या किंवा कपड्याच्या दुकानात हे खपून जातं. गेमच्या दुकानात हजारो नावं असतात आणि लोक सेलच्या रात्री शेकडो नावांवरून नजर फिरवतात, त्यामुळे इथे ते फार बोचतं. उपाय अवघड नसतो. मोठी चित्रं किंवा दाट यादी असं निवडायचं एक बटण द्यायचं. म्हणून ही मागणी जरूर करा, मान्य व्हायची शक्यता चांगली आहे.

विशलिस्ट सवलतीनुसार न लागणं आणि "तुमच्याकडे आहे" ही खूण जाणं, या दोन्ही गोष्टी काढून टाकल्या गेल्या आहेत. त्यामागे बहुधा दुष्ट हेतू नसून तांत्रिक कारण असतं, आणि ते कळलं तर तुम्हाला पत्र लिहायला सोपं जाईल. नवी साइट वेगवान करायची म्हणून यादीचं पान एकदाच तयार करून तीच प्रत सगळ्यांना दाखवली जाते. ती प्रत जगभरच्या सर्व्हरवर ठेवलेली असते, म्हणून झटकन उघडते. पण सगळ्यांना एकच प्रत म्हटलं की तुमच्या लायब्ररीत (घेतलेल्या गेमच्या संग्रहात) काय आहे हे त्या प्रतीला ठाऊक नसतं. ती खूण दाखवायला प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी विचारणा करावी लागते. तारीख जवळ आली की ते काम "पुढच्या टप्प्यात" ढकललं जातं. विशलिस्टचंही तेच. नव्या रचनेत किंमती बऱ्याचदा वेगळ्या प्रणालीत असतात, देशागणिक वेगळ्या. यादी एकीकडे आणि सवलत दुसरीकडे असली की सवलतीनुसार क्रम लावणं हे वरकरणी दिसतं तेवढं सोपं राहत नाही. जुन्या साइटवर ते होतं, कारण तिथे सगळं एकाच डेटाबेसमध्ये होतं.

म्हणजे दुकानाकडे कारण आहे. पण ते कारण ग्राहकाच्या गळ्यात मारायचं नसतं. आधीच घेतलेला गेम चुकून पुन्हा मित्रासाठीचा कोड म्हणून घेतला गेला, किंवा मूळ गेम नसताना त्याचा जोडभाग घेतला गेला, तर पैसे परत मागण्याची दगदग ग्राहकाच्या माथी येते.

आता जरा बाहेरची उदाहरणं घेऊ, कारण तुमच्यासारखा वाद मोठमोठ्या दुकानांतही झालाय.

सोनीनं २०२० च्या ऑक्टोबरमध्ये, पीएस५ हे गेमचं नवं यंत्र बाजारात यायच्या तोंडावर, प्लेस्टेशन स्टोअरची वेबसाइट आणि मोबाइलवरचं दुकान नवं केलं. दिसायला ते नीटनेटकं होतं. पण त्या बदलात पीएस३, पीएसपी आणि व्हिटा या सोनीच्या जुन्या यंत्रांचे गेम वेबवरून विकत घेण्याची सोय गेली, पीएस४ च्या थीम आणि अवतार गेले, आणि लोकांनी जमवलेल्या विशलिस्ट पुसल्या गेल्या. व्हिटावाल्याला गेम हवा असेल तर आता त्या छोट्या यंत्रावरच दुकान उघडून शोधत बसायचं. लोकांच्या टीकेला वरवर "नवं डिझाइन आवडलं नाही" असं नाव दिलं असतं तर फार मोठी गोष्ट निसटली असती. ही नुसती रचना बदललेली नव्हती, काय विकायचं याचा निर्णय रचनेच्या पोटात घालून आला होता. पुढे मार्च २०२१ मध्ये सोनीनं पीएस३, पीएसपी आणि व्हिटावरची दुकानंच बंद करणार असं जाहीर केलं. त्यावर एवढा गदारोळ झाला की एप्रिलमध्ये सोनीच्या प्लेस्टेशन व्यवसायाचे तेव्हाचे प्रमुख जिम रायन यांनी निर्णय चुकल्याचं जाहीरपणे मान्य केलं आणि पीएस३ व व्हिटाची दुकानं चालू ठेवली. पीएसपीवरची खरेदी मात्र त्या जुलैत बंद झालीच. विशलिस्टची सोय पुढे परत आली, पण जमवलेल्या याद्या ज्यांनी लिहून ठेवल्या नव्हत्या त्यांच्या गेल्या.

लिहून काही होतं का, या तुमच्या प्रश्नाला हे माझं मुख्य उत्तर आहे. होतं, पण लोकांनी नेमकं काय गेलं ते नाव घेऊन सांगितलं तर. एप्रिल २०२१ मध्ये निर्णय फिरला तेव्हा लोक पानाच्या रंगाबद्दल बोलत नव्हते. कोणते गेम कायमचे मिळेनासे होतील, याच्या याद्या पुढे येत होत्या.

एपिक गेम्स स्टोअरचं उदाहरण उलट्या बाजूचं आहे. ते डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालं ते शॉपिंग कार्टशिवाय. ग्राहकांनी पहिल्या दिवसापासून कार्ट मागितली. एक गेम, एक पेमेंट, पुन्हा पहिल्यापासून. मे २०१९ च्या मोठ्या सेलमध्ये काही जणांनी एकामागोमाग एक असे गेम घेतले, तर फसवणूक रोखणाऱ्या यंत्रणेला ते संशयास्पद वाटून त्यांची खाती अडकली. कार्ट नसणं ही नुसती गैरसोय नव्हती, तिचे चटके सगळ्यात जास्त खर्च करणाऱ्या ग्राहकाला बसत होते. एपिकनं कामांची यादी सगळ्यांना दिसेल अशी ठेवली होती, हे चांगलं केलं. तरी कार्ट आली डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनी. तेव्हा आपण बरोबर असलो तरी बदल लगेच होईल असं धरून चालू नका.

स्टीम या पीसी गेमच्या दुकानानं २०१९ मध्ये लायब्ररी बदलताना आधी सप्टेंबरमध्ये ज्यांना हवी त्यांनाच ती बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, म्हणून दिली आणि ऑक्टोबरअखेर सगळ्यांसाठी लागू केली. तक्रारी तिथेही आल्या, मोठी चित्रं आणि जुन्या संगणकांवरचा मंदपणा याबद्दल बऱ्याच. पण ज्यांना नुसती नावांची यादी पुरते त्यांच्यासाठी छोट्या खिडकीचा प्रकार शिल्लक ठेवला होता. माझ्या मते साइट बदलण्याची हीच रीत रास्त आहे: आधी हौशी लोकांना द्या, जुन्या कामाची एक वाट उघडी ठेवा, मग सगळ्यांना द्या.

तुम्ही म्हणाल, दुकानाला हे आधी का दिसत नाही? कारण ते सरासरी बघतात. नवी साइट आली की "पहिल्या पानावरून गेमवर क्लिक करणारे वाढले" असा आकडा येतो आणि टीम खूश होते. त्या आकड्यात पहिल्यांदा आलेला पाहुणा आणि वर्षाला पन्नास गेम घेणारा जुना ग्राहक दोघंही एकेकच धरलेले असतात. पाहुण्यांची संख्या जास्त, म्हणून सरासरी त्यांच्या बाजूनं झुकते. मोठं चित्र, एक मोठं बटण, कमी पर्याय हे पाहुण्याला खरोखर बरं पडतं. जुन्या ग्राहकाला चाळणी हवी असते: कोऑप (मित्रांसोबत मिळून खेळायचा), कंट्रोलर चालतो का, दोनशे रुपयांच्या आत, आणि माझ्याकडे नसलेलं. जुने आणि नवे ग्राहक वेगळे काढून मोजले तरच हा फरक दिसतो. मी कुठल्याही कामात पहिली मागणी हीच करते.

आकड्यांत न दिसणारी एक गोष्ट जवळून सांगते. एका गेमच्या दुकानाच्या नव्या साइटची चाचणी चालू होती. समोर नेहमीचा ग्राहक बसला होता, त्याला सांगितलं की सेलमधून तुमच्या आवडीचं काही निवडा. त्यानं माउसचं मधलं बटण एका कार्डावर दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. जुन्या साइटवर तो असा एकेक गेम नव्या टॅबमध्ये उघडत जायचा, मग टॅबची रांग लावून तुलना करायचा आणि नको ते बंद करत शेवटी दोन-तीन घ्यायचा. नव्या साइटवरची कार्डं दिसायला तशीच होती, पण ती खऱ्या लिंक म्हणून बांधलेली नव्हती, नुसत्या क्लिकला दाद देणारे डबे होते. म्हणून नवा टॅब उघडत नव्हता. साधं क्लिक केलं की गेमचं पान उघडायचं आणि मागे आलं की यादी परत वरपासून सुरू व्हायची. तिसऱ्या गेमनंतर त्यानं हात खाली ठेवला आणि म्हणाला, "राहू दे, नंतर बघतो." रंगाबद्दल किंवा मांडणीबद्दल तो एक शब्द बोलला नाही. घरी असता तर त्यानं बहुधा "नवी साइट भिकार आहे" एवढंच लिहिलं असतं आणि त्या वाक्यातून कुणालाही मधल्या बटणाचा पत्ता लागला नसता.

तुमच्या साइटवर हे करून बघा. शोधही तपासा. साइट नव्या प्रणालीवर नेताना शोधासाठी वर्षानुवर्षं हातानं जमवलेले पर्यायी शब्द मागे राहतात, असं फार वेळा होतं. मग रोमन आकड्याच्या जागी साधा सात टाकला की फायनल फँटसी या मालिकेचा सातवा भाग सापडत नाही, बाल्डर्स गेट या गेमच्या इंग्रजी नावातलं अपॉस्ट्रॉफी गाळलं की निकाल रिकामा येतो, आणि नावाऐवजी चाहते वापरतात ते लघुरूप टाकलं की भलतंच काही पुढे येतं. लोक म्हणतात "गेम काढून टाकले". गेम तिथेच असतो, पण सापडत नाही, आणि दुकानात न सापडणारा गेम विकलाही जात नाही. जुन्या बुकमार्कचं काय होतं तेही बघा: ते त्या गेमच्या नव्या पानावर नेतात, की सरळ पहिल्या पानावर आणून सोडतात? दुसरं होत असेल तर तेही नोंदवून ठेवा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. दुकान लहान असेल आणि जुनी साइट चालवणारी माणसं किंवा तंत्रज्ञान उरलंच नसेल, तर "जुनं परत आणा" ही मागणी कितीही जणांनी केली तरी पुरी होणार नाही. ऑर्डरी आणि खाती नव्या डेटाबेसमध्ये गेली की मागे फिरण्याचा रस्ता काही दिवसांतच बंद होतो. गेम मोजकेच असतील तर मोठी चित्रं योग्यही असू शकतात. आणि भारतातल्या ग्राहकांसाठी आणखी एक: सेव्ह केलेलं कार्ड गायब होणं किंवा दर वेळी ओटीपी लागणं याचं खापर नव्या साइटवर फोडण्याआधी थांबा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना कार्डाचा नंबर स्वतःकडे ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे नंबराच्या बदली वापरायचा संकेतांक, लागतं. दुकानानं ती सोय केली नसेल तर कार्ड पुन्हा पुन्हा भरावं लागतं. त्याचा डिझाइनशी संबंध नाही, त्याची तक्रार वेगळी करावी लागते.

आता लिहायचं कसं. एका पत्रात एकच गोष्ट. पहिल्या वाक्यात तुम्हाला काय करायचं होतं ते, मग आधी ते कसं व्हायचं, आता कुठे अडतं, आणि शेवटी त्यामुळे तुम्ही काय केलंत. यंत्र, ब्राउझर आणि स्क्रीनचा आकार लिहा, एक स्क्रीनशॉट जोडा. नमुना देते: "विशलिस्टमध्ये १८० गेम आहेत. सेलमध्ये सर्वात जास्त सवलतीचे आधी बघून मी खरेदी करतो. पूर्वी क्रम बदलायची सोय होती, आता फक्त नाव आणि तारीख आहे. पूर्ण यादी खाली सरकवावी लागते. परवाच्या सेलमध्ये मी तिसऱ्या पानावर थांबलो आणि काही घेतलं नाही." शेवटचं वाक्य गाळू नका. आत कामांची रांग ठरते तेव्हा "विक्री बुडाली" असं दाखवता येणारी तक्रार वर सरकते, आणि सपोर्टमध्ये बसलेल्या माणसाच्या हातात टीमशी भांडायला काहीतरी येतं. तो माणूस बहुधा तुमच्याच बाजूचा असतो, म्हणून त्याच्यावर राग काढू नका. कुणी आधीच तीच तक्रार नीट मांडली असेल तर नवी काढण्याऐवजी तिच्याखाली आपला अनुभव जोडा. विखुरलेल्या दहा तक्रारींपेक्षा एकाच ठिकाणी जमलेल्या दहा नोंदी जास्त लवकर वाचल्या जातात.

मग महिना-दीड महिना बघा. दुकानानं माहीत असलेल्या दोषांची यादी जाहीर केली, एखादी काढलेली सोय परत आली, निदान "हे आम्ही मुद्दाम काढलं आणि त्याचं कारण असं" एवढं सांगितलं, तर समजा की कुणीतरी वाचतंय. दर पत्राला "अभिप्रायाबद्दल धन्यवाद" एवढंच येत राहिलं, तर खरेदी दुसरीकडे वळवायला हरकत नाही.

तोवर एक काळजी घ्या. विशलिस्ट कॉपी करून एका स्प्रेडशीटमध्ये ठेवा, खरेदीच्या पावत्या उतरवून घ्या, आणि इन्स्टॉलर डाउनलोड करू देणारं दुकान असेल तर आवडते गेम डिस्कवर घेऊन ठेवा. २०१० च्या सप्टेंबरमध्ये जीओजी या पीसी गेमच्या दुकानानं नव्या साइटची जाहिरात म्हणून चक्क दुकान बंद झाल्याचा देखावा केला होता. काही दिवस जुन्या साइटच्या जागी फक्त निरोपाचा मजकूर होता, आणि ज्यांनी आपले गेम उतरवून घेतले नव्हते त्यांच्या पोटात गोळा आला. साइट परतली, गेमही सुरक्षित होते, पण आपला माल आपल्या हातात किती आहे हे तेव्हा अनेकांच्या ध्यानात आलं.

तुमच्या बाबतीत मी क्रम असा लावेन: आधी विशलिस्टचा क्रम, मग "तुमच्याकडे आहे" ही खूण, मग दाट यादीचा पर्याय. पांढऱ्या रंगाचा मुद्दा पहिल्या पत्रात घालू नका, नाहीतर उत्तर फक्त त्यालाच मिळेल. मधल्या बटणाची आणि शोधाची तपासणी करून काय सापडतं ते इथे लिहा, पत्राचा मसुदा टाकलात तर तोही वाचून सांगते.